आबांच्या तापाचा माग

आमच्या आबांना जो आजार झाला त्याचं नाव ब्रुसेलोसिस. जनावरांकडून माणसाला होणारा. हे नाव हाती येईपर्यंत पावसाळा सरला, गणपती आले आणि गेले, दसऱ्याचं सोनंही आबांना दवाखान्यातच द्यावं लागलं. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातलं आमचं गाव ऊस आणि म्हशी यांच्यावर चालतं. दावणीला जनावर नाही असं घर आमच्या गल्लीत सापडणार नाही. तरी हे नाव आमच्यापैकी कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. म्हणून हा तपास कसकसा झाला ते सविस्तर लिहून काढतेय. औषधांपेक्षा मला प्रयोगशाळेबद्दल जास्त सांगायचंय. आबांचा ताप सापडला तो तिथं, आणि सापडायला इतका वेळ का गेला हेही मला तिथंच कळलं.

सुरुवात श्रावणात झाली. सकाळी आबा ठीक असायचे. धार काढायचे, संस्थेत दूध घालून यायचे, वैरणीला जायचे. दुपार कलली की अंग मोडून यायचं, दिवेलागणीला थंडी वाजून ताप चढायचा आणि रात्री एवढा घाम की आई त्यांचा बनियन पिळून दोरीवर टाकायची. सकाळी पुन्हा काही नाही. भूक गेली, कंबर धरली, सदरा अंगावर ढगळ दिसायला लागला. पंचगंगेचं पाणी नुकतंच ओसरलेलं होतं आणि पुरानंतर घरोघरी तापाची माणसं असतातच. त्यातलंच हेही, असं सगळ्यांनी धरलं.

पहिल्यांदा विडाल, म्हणजे टायफॉइडची रक्तचाचणी, झाली. रिपोर्टवर १:१६० आणि पुढं पॉझिटिव्ह. टायफॉइड म्हणून सलाइन, इंजेक्शनं, गोळ्या सगळं झालं. ताप उतरला, आम्ही निर्धास्त झालो, आणि तो परत आला. पुन्हा विडाल, पुन्हा पॉझिटिव्ह, पुन्हा तीच इंजेक्शनं.

या चाचणीबद्दल नंतर मला जे समजलं ते इथंच सांगते, कारण माझ्या माहितीतल्या निम्म्या घरांत 'विडाल पॉझिटिव्ह'चा एखादा तरी कागद असेल. ही चाचणी १८९६ सालची आहे. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहतं, सीरम, त्यात टायफॉइडच्या मेलेल्या जंतूंचं द्रावण मिसळतात. गुठळ्या झाल्या तर शरीरानं त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढणारी द्रव्यं, तयार केली आहेत, असा अर्थ. सीरम किती पट पातळ केलं तरी गुठळी होते, तो रिपोर्टवरचा आकडा. म्हणजे यात जंतू कुणाला दिसतच नाही, शरीरानं कधीतरी दिलेलं उत्तर तेवढं दिसतं. आपल्याकडं टायफॉइड इतका मुरलेला आहे की धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडीफार प्रतिपिंडं सापडतात. कुणाला पूर्वी ताप येऊन गेलेला असतो, कुणी लस घेतलेली असते, कधी दुसऱ्याच जंतूची प्रतिपिंडं इथं गुठळी करून दाखवतात. म्हणून ही चाचणी खरं तर काही दिवसांच्या अंतरानं दोनदा करायची असते आणि आकडा चौपट वाढला का ते पाहायचं असतं. काचपट्टीवर एकदा झटपट केलेल्या विडालवर माणसाला आठवडाभर अँटिबायोटिक चढवायचं, हे चुकीचं आहे. आबांच्या अंगातला जंतू त्या औषधांनी मेला नाही, नुसता दबला आणि पुढच्या तपासाला अवघड होऊन बसला. याचा मला अजून राग येतो.

मग आबांना मी शहरात माझ्याकडं, राजारामपुरीला आणलं आणि एका मोठ्या रुग्णालयात दाखल केलं. मलेरियासाठी रक्ताचा थेंब काचेवर पसरून पाहिला, डेंगी पाहिला, पुराचं पाणी म्हणून लेप्टो, म्हणजे दूषित पाण्यातून होणारा ताप, पाहिला. सगळं निगेटिव्ह. कंबरदुखीसाठी एमआरआय झाला आणि त्यात खालच्या दोन मणक्यांमध्ये सूज दिसली. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावली आणि म्हणाले, "कण्याचा टीबी वाटतोय. औषधं आजच सुरू करूया." आपल्याकडं संध्याकाळचा ताप, घाम, उतरणारं वजन आणि मणक्यात सूज असं एकत्र आलं की पहिला संशय टीबीचाच घ्यायचा, हे बरोबरच आहे. दादानं तर सहीसाठी पेनही काढलं होतं.

अडवलं ते आबांच्या मुख्य डॉक्टरांनी. त्यांचं म्हणणं असं, की माणूस लगेच खालावतोय असं नाही, पायातली ताकद शाबूत आहे, तेव्हा आधी रक्ताचं कल्चर करू, जंतू हाताशी येतो का बघू, नाही आला तर मणक्यातला तुकडा काढून तपासू. तोवर अँटिबायोटिक बंद. चढत्या तापात माणसाचं औषध बंद ठेवायचं हे आईला पटेना. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, इथं उपचाराला आणलंय का नुसतं बघायला?" तिचंही बरोबर होतं. पण आता मागं वळून बघते तेव्हा वाटतं, आबांच्या बाबतीतला सगळ्यात मोलाचा निर्णय तोच.

रक्ताचं कल्चर म्हणजे काय, हे मी त्या रात्री खाटेशेजारी उभी राहून पाहिलं. नेहमीच्या रक्ततपासणीसारखं ते नसतं. सिस्टरनी आधी दंड बांधून शीर चाचपली, मग हात धुऊन निर्जंतुक हातमोजे घातले. कातडी एकदा स्पिरिटनं पुसली, मग दुसऱ्या औषधानं, आणि ते वाळेपर्यंत नुसत्या थांबल्या. मी म्हटलं, "झालं की आता." तर म्हणाल्या, "ताई, वाळल्याशिवाय ते काम करत नाही. कातडीवरचा जंतू बाटलीत गेला, तर तोच उगवतो आणि सगळ्यांची दिशाभूल होते." बाटल्यांची रबरी बुचंही पुसली. एका हातातून घेतलं, मग दुसऱ्या हातातून, प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिलिलिटर. आबा म्हणाले, "येवढं रगात काढल्यावर ऱ्हायलं काय माज्यात?" सिस्टरनी ते हसण्यावारी नेलं नाही, त्यांनी कारण सांगितलं: मोठ्या माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात कधीकधी एखादाच जंतू असतो, कधी तेवढाही नाही. थेंबभर रक्त घेतलं तर तो त्यात येईलच कशावरून? आणि दोन हातांतून घेतलं की दोन्हीकडं एकच जंतू आला तर तो खरा, एकीकडंच कातडीवरला काहीतरी आला तर तो बहुधा बाहेरचा.

त्या बाटल्यांत जंतूंना वाढायला लागणारा पातळ खुराक असतो आणि आधी घेतलेलं अँटिबायोटिक शोषून घेणारे बारीक कणही. बाटलीच्या तळाशी एक गोल चकती असते. जंतू वाढायला लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि त्या चकतीचा रंग बदलतो. बाटल्या एका कपाटासारख्या यंत्रात, शरीराच्या तापमानाला, हलत्या ठेवतात. यंत्र दर थोड्या मिनिटांनी प्रत्येक चकती वाचतं आणि रंग बदलला की आवाज देतं. रोजचे जंतू, म्हणजे लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गातले, बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच यंत्र वाजवतात. साधारण पाच दिवस वाट पाहतात आणि काही आलं नाही तर 'वाढ नाही' असा कागद येतो.

बाटल्यांबरोबर जो कागद खाली गेला त्यावर नाव, वय, वॉर्ड, खाट असं सगळं भरलेलं होतं. 'आजाराची माहिती' या ओळीत लिहिलेलं होतं: 'ताप'. बस्स. रात्रीच्या ड्यूटीवरच्या शिकाऊ डॉक्टरनं घाईत तेवढंच लिहिलं होतं. पंधरा खाटा एकट्यानं सांभाळणाऱ्या पोराला मी दोष देत नाही. पण त्या एका शब्दाचं पुढं काय झालं ते सांगते.

पहिले दोन दिवस यंत्र गप्प. तिसऱ्या दिवशी गप्प. दादा रोज सकाळी खाली जाऊन विचारून यायचा, आणि टीबीची गोळी सुरू करायची चर्चा पुन्हा सुरू झाली. मुदत संपत आली असताना एका हातातली बाटली वाजली आणि त्याच रात्री दुसऱ्या हातातलीही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम स्वतः वॉर्डात आल्या. सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टर रुग्णापर्यंत येतात हे मी पहिल्यांदाच पाहत होते. त्या खाटेशी बसल्या आणि कंबर, ताप, घाम यांतलं काही न विचारता त्यांनी पहिला प्रश्न केला, "आबा, घरी जनावरं आहेत का?"

"हाईत की. चार म्हशी, दोन रेडकं."

"यंदा एखादी गाभडली का?"

आबा माझ्याकडं बघायला लागले. मग म्हणाले, "गाभडली. जेष्टात. आठव्या म्हैन्यात टाकलं तिनं. तुमास्नी कुनी सांगितलं?"

"वार कुणी काढली?"

"अडकली हुती. मीच काढली, हातानं. ह्यो आमचा थोरला धराय हुता."

"आणि दूध? तापवून पिता की तसंच?"

"तसंच. धारोष्ण. तालमीत असल्यापास्नं."

मॅडमनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "आबा, हे सगळं माझ्यापर्यंत पहिल्याच दिवशी यायला हवं होतं." त्या हे आम्हाला बोलल्या नव्हत्या, त्यांचं बोट त्या कागदावर होतं. दवाखान्यात माणसाचं दुखणं सांगतात, म्हशीचं कोण सांगणार? आणि तोवर इतक्या डॉक्टरांपैकी कुणी विचारलंही नव्हतं.

मी त्यांच्यामागं खाली गेले. मला जाणून घ्यायचंय हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं नाही, बाहेरच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाखाली आदल्या रात्रीची रंगवलेली काच लावून दिली. ही रंगवायची पद्धत हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी १८८४ मध्ये दिली आणि आजही जंतू ओळखायची पहिली पायरी तीच. जांभळा रंग द्यायचा, आयोडीननं पक्का करायचा, मग अल्कोहोलनं धुवायचं. ज्यांची भिंत जाड ते जांभळेच राहतात, बाकीच्यांचा रंग निघून जातो आणि नंतर दिलेला गुलाबी त्यांच्यावर चढतो. मी डोळा लावला. आधी काहीच कळेना. मॅडमनी खटका फिरवून दिला, तेव्हा दिसलं. गुलाबी रांगोळी चिमटीतून सांडावी तसे अतिशय बारीक ठिपके, कुठं विरळ, कुठं पुंजक्यानं. ना धड गोल, ना धड लांबट. इतके बारीक, की घाईत असलेल्या माणसाला ते रंगाचा गाळ वाटतील. आमच्या घरात दोन महिने जे चाललं होतं ते हे.

"इतक्या उशिरा वाजलेली बाटली, दोन्ही हातांतून, आणि असे बारीक गुलाबी जंतू," मॅडम म्हणाल्या, "एवढं एकत्र आलं की मी यंत्रापाशी जात नाही, आधी रुग्णापाशी जाते." जंतू ओळखणारं स्वयंचलित यंत्र त्यांच्याकडंही आहे. पण ब्रुसेलाच्या बाबतीत अशी यंत्रं फसतात, दुसऱ्याच एखाद्या निरुपद्रवी जंतूचं नाव छापून देतात, असं जगभर घडलेलं आहे. त्या रिपोर्टवर मग कुणी शंकाही घेत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ब्रुसेला हा प्रयोगशाळेतल्या माणसांना होणाऱ्या संसर्गांमध्ये अगदी वरच्या क्रमांकाचा. हवेत उडालेले अगदी थोडे जंतू श्वासातून आत गेले तरी पुरतात. संशय असेल तर बाटली उघडण्यापासूनचं सगळं काम हवा आत खेचणाऱ्या बंदिस्त कपाटात करायचं असतं, ताटल्या, म्हणजे जंतू वाढवायच्या बशा, चिकटपट्टीनं बंद ठेवायच्या असतात आणि त्यांचा वास घेऊन बघायची जुनी सवय तर सर्वस्वी टाळायची असते. पण कागदावर लिहिलं होतं 'ताप'. रात्रीच्या पाळीतल्या तंत्रज्ञानं बाटली वाजल्यावर रोजच्यासारखी साध्या टेबलावर उघडली, सुईनं थेंब घेतला, काच केली, तीन ताटल्यांवर रेघा ओढल्या. त्याला सावध करायला त्या ओळीत काही नव्हतं.

तो मुलगा गडहिंग्लजकडचा, नुकताच नोकरीला लागलेला. मॅडमनी त्याच सकाळी त्याचं रक्त तपासणीसाठी ठेवून घेतलं आणि त्याला २१ दिवसांच्या दोन औषधांवर घातलं: डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन. पुढचे सहा महिने त्याचा ताप मोजायचा आणि अधूनमधून रक्त पाहायचं. मला तो जिन्यात भेटला. काय बोलावं सुचेना. तोच म्हणाला, "आबांचं कसं आहे, ताई?" आमच्या गोठ्यातली गोष्ट आबांच्या रक्तातून, एका शब्दाच्या ओळीतून, या पोराच्या छातीपर्यंत जाऊ शकली असती. तेव्हापासून मी कुठल्याही तपासणीच्या कागदाकडं पूर्वीसारखं बघू शकत नाही. नमुना म्हणजे नुसतं रक्त नसतं. माणूस काय करतो, काय खातो-पितो, कुठल्या पाण्यात उतरला, कुठल्या जनावराला हात लावला, हेही त्या बाटलीबरोबर खाली गेलं पाहिजे. प्रयोगशाळा जे शोधायला सांगाल तेच शोधते, आणि कशापासून जपायचं हेही तिला आपणच सांगायचं असतं.

पुढची ओळख हळूहळू पक्की झाली. रक्त घातलेल्या खुराकाच्या, म्हणजे ब्लड अगारच्या, ताटलीवर दोन दिवसांनी टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती दिसायला लागल्या. मॅकाँकी नावाच्या दुसऱ्या खुराकाच्या ताटलीवर, जिथं पोटातले नेहमीचे जंतू जोमानं वाढतात, तिथं काहीच नाही. युरिया असलेल्या माध्यमात टाकल्यावर थोड्याच वेळात ते गुलाबी झालं, ही याची खूण. हे सगळं मी ऐकून लिहितेय, पाहिलं नाही. त्या कपाटाजवळ कुणाला सोडत नव्हते आणि ते योग्यच होतं.

सोबत सीरमची तपासणीही केली, आणि त्यातली एक गंमत नव्हे, धोक्याची जागा, मॅडमनी मुद्दाम दाखवली. एका ओळीत काचेच्या नळ्या, प्रत्येकीत आबांचं सीरम आधीच्या नळीच्या निम्म्या ताकदीचं: १:२०, १:४०, १:८० असं पुढं पुढं. प्रत्येकीत ब्रुसेलाचं द्रावण. रात्रभर उबेत ठेवून दुसऱ्या दिवशी गुठळी बघायची. पहिल्या दोन नळ्यांत, जिथं सीरम सगळ्यात दाट, तिथं काहीच नाही! गुठळी सुरू झाली ती पुढच्या नळ्यांत आणि थेट १:१२८० पर्यंत गेली. प्रतिपिंडं अतोनात असली की प्रत्येक जंतू स्वतंत्रपणे झाकला जातो, दोन जंतूंना जोडायला कुणी उरत नाही, म्हणून दाट सीरममध्ये गुठळी होत नाही. वेळ वाचवायला कुणी पहिल्या दोनच नळ्या लावल्या असत्या, तर सर्वांत जास्त प्रतिपिंडं असलेल्या माणसाचा रिपोर्ट निगेटिव्ह गेला असता.

रात्री आबांजवळ बसून मी या जंतूबद्दल मिळेल ते वाचत होते. डेव्हिड ब्रूस नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टरनं १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापानं मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून तो वेगळा काढला. पण तो सैनिकांपर्यंत येतो कुठून, हे पुढची कितीतरी वर्षं कुणाला कळेना. १९०५ मध्ये तिथल्याच थेमिस्टोक्लीस झामित यांना धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडल्या. शेळीचं कच्चं दूध सैन्यात बंद केलं आणि ताप झपाट्यानं उतरला. गायी-म्हशींमधला त्याचा भाऊबंद डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांग यांनी १८९७ मध्येच गाभडणाऱ्या गायींत शोधला होता. जनावरात तो गर्भाशयात आणि कासेत बसतो. म्हणून गाभडलेलं पिल्लू, वार, तिथलं पाणी आणि कच्चं दूध, या सगळ्यांत तो असतो.

टीबीची औषधं सुरू केली असती तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांतलं रिफाम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं. म्हणजे आबांना थोडं बरं वाटलं असतं, आम्ही सगळ्यांनी टीबीच होता म्हणून सुस्कारा टाकला असता, आणि एकट्या औषधाला पुरून उरलेला जंतू मणक्यात तसाच राहिला असता. आबांना डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन दिलं, सुरुवातीला जेंटामायसिनची इंजेक्शनंही. मणक्यात नसेल तर ही औषधं साधारण सहा आठवडे देतात. मणक्यात असल्यामुळं आबांना तीन महिने घ्यावी लागली. रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते हे आधी सांगून ठेवलेलं बरं. आबांनी न सांगता दोन वेळा लपवलं आणि मग आईला म्हणाले, "आता आटपलंच समज." ताप पहिल्या आठवड्यातच हटला. कंबर मात्र सावकाश सुटली.

मग घरातल्यांची पाळी. आई निगेटिव्ह. ती कायम चहातलंच दूध पिते, उकळलेलं. दादाचा आकडा आला १:८०. घाबरला बिचारा. मॅडम म्हणाल्या, जनावरांत राहणाऱ्या माणसात एवढं असू शकतं, ताप नाही, सांधे दुखत नाहीत, तर नुसत्या आकड्यावर औषध द्यायचं नाही, थोड्या आठवड्यांनी पुन्हा बघू. पुन्हा पाहिलं तेव्हा तो वाढलेला नव्हता. विडालच्या वेळी हा संयम कुणीतरी दाखवायला हवा होता, असं मला राहून राहून वाटतं.

गोठ्याचं काम पशुवैद्यकीय डॉक्टरांनी केलं. चारही म्हशींचं रक्त घेतलं. 'रोज बंगाल' नावाची चाचणी त्यांनी तिथंच, कट्ट्यावर पांढरी फरशी ठेवून करून दाखवली: सीरमचा एक थेंब, गडद गुलाबी द्रावणाचा एक थेंब, काडीनं मिसळायचं, चार मिनिटं फरशी हलवत राहायचं. दोन म्हशींच्या थेंबांत दाणे धरले, त्यांत जी गाभडली होती ती होतीच. पक्क्या तपासणीसाठी सीरम पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं गेलं आणि तिथूनही तेच आलं. जनावराला औषध देऊन हा जंतू काढता येईल असा व्यवहारातला उपाय नाही. त्या दोघी वेगळ्या बांधल्या, विणीच्या वेळी कुणी हातमोज्यांशिवाय जायचं नाही, काही टाकलं तर खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचं. आबांनी त्यांतली एक लेकराप्रमाणं वाढवलेली. त्यांना ते फार लागलं.

गावात दूध संस्थेच्या कट्ट्यावर याची चर्चा झाली तेव्हा सुरुवातीला लोक चिडले. आपल्या दुधाला बट्टा लागेल अशी भीती. ती भीती खोटी आहे हे मला ठासून सांगायचंय. संघाकडं जाणारं दूध पाश्चरीकरण होऊनच पिशवीत येतं. ७२ अंशांवर १५ सेकंदांत हा जंतू मरतो, घरच्या उकळीत तर मरतोच. खवा, बासुंदी, चहा यांतलं काही बंद करायचं नाही. धोका आहे तो कासेतून थेट तोंडाला लावलेल्या पेल्यात. कोल्हापुरात हे सांगणं सोपं नाही, मला माहीत आहे. गंगावेशेत समोर म्हैस पिळून पेला हातात देतात आणि त्या फेसाचं कौतुक आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तालमीतल्या पोरांना तर ते औषधच वाटतं. पण एक उकळी आणल्यानं त्या दुधातली ताकद जात नाही, आणि आबांसारख्या कसलेल्या माणसाला कूस बदलताना विव्हळताना मी पाहिलंय.

लशीचं मात्र लोकांनी मनावर घेतलं. चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आणि रेडकांना एस-१९ नावाची लस एकदाच देतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ-खुरकुतबरोबर हीही आहे. ती जिवंत जंतूची लस आहे, टोचणाऱ्याला सुई लागली तर त्यालाही आजार होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांनीच द्यायची. आमच्या दोन रेडकांपैकी एक त्या वयात बसत होती. आबांनी स्वतः तिला धरून उभं राहायचा हट्ट केला, डॉक्टरांनी त्यांना हातमोजे घालायला लावले.

आबांचा दुसरा एमआरआय झाला, मणक्याची सूज ओसरलेली आहे. नळ्यांतला आकडा उतरत उतरत आला, अजून पूर्ण गेलेला नाही, आणि तो वर्षभर तसा रेंगाळू शकतो असं सांगितलंय. तपासायला गेले की आबा औषधाचं विचारायच्या आधी त्या तंत्रज्ञाचं विचारतात. गेल्या खेपेला तो खिडकीपाशीच होता. त्याची सहा महिन्यांची मुदत संपली होती, ताप एकदाही आला नव्हता आणि शेवटचं रक्तही निगेटिव्ह होतं. आबांनी खिडकीतून हात घालून त्याचा हात धरला आणि म्हणाले, "माजं रगात काढायचं आसंल तर तूच काढ. पर आदी कागदावर लिव्ह, घरात म्हशी हाईत म्हनून."